तिसऱ्या हाकेच्या आत

उद्धव देवस्थळी सोमवारी सकाळी ऑफिसात पहिला शब्द बोलायला जायचा ना, तर आवाजच फुटायचा नाही. घसा असा धरलेला. सर्दी नाही, पडसं नाही, काही नाही. शुक्रवारी संध्याकाळी निघताना कुणाला तरी 'बाय' म्हटलेलं असायचं, त्यानंतर दोन दिवस त्या घशाला जवळजवळ कामच पडलेलं नसायचं. मग हा एमआरटीतून, म्हणजे मेट्रोतून, उतरायच्या आधी खाकरून खाकरून गळा मोकळा करून घ्यायचा, आणि शेजारची माणसं हळूच लांब सरकायची.

एकोणपन्नास वय. अंगानं किरकोळ, चष्मा जाड, शर्टाच्या खिशाला पेन. परदेशात, चोआ चू कांग नावाच्या वस्तीत सातव्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट होता. तीन खोल्या, पण त्यातली एक मालकाची. मालक म्हणजे एक चिनी म्हातारा, तो आपलं सामान त्या खोलीत भरून, वर कुलूप घालून मुलीकडे राहायला गेलेला. जेवायचं टेबल नेमकं त्याच दारासमोर बसत होतं. त्यामुळं उद्धव रोज त्या कुलपाकडे तोंड करून जेवायचा. कधी काळी त्याची बायको विनीता आणि मुलगा अमेय पण तिथंच जेवायचे. अमेय मराठीत विचारलेल्याला 'कॅन लाह, पपा' असं तिथल्या इंग्रजीत उत्तर द्यायला लागला, तेव्हा विनीता म्हणाली, दोन वर्षं पुण्याला नेते याला, जरा आपल्यात राहू दे. त्या दोन वर्षांची चार झाली. भांडण नाही हो कसलंच. भांडण असतं तर निदान बोलायला विषय तरी झाला असता. रविवारी फोन यायचा. जेवलास का, हो, तुम्ही, हो, पाऊस आहे का, आहे. झालं.

आता तो काम काय करायचा, ते ऐका. नाव मोठं भारी आहे, पण आत काही अवघड नाही. कम्प्युटरमध्ये बारीक बारीक कामं असतात. कुणी हाक मारली की उठायचं, तेवढं काम करायचं, परत झोपायचं. एवढ्याशा कामासाठी एक अख्खं मशीन कोण राखून ठेवणार? म्हणून ती कामं जिथं जागा मिळेल तिथं उठतात. त्याला म्हणायचं सर्व्हरलेस फंक्शन. सर्व्हर नाही म्हणतात, पण मशीन लागतंच की. हवेत थोडंच चालतंय! तर ही मशीनं कुठली घ्यायची, मोठी दणकट घ्यायची की लहान, कुठल्या कामाला कुठलं सोसेल, हे ठरवणं उद्धवचं काम.

त्या वर्षी त्याच्या कंपनीनं बटणाचं काम घेतलं होतं. घरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी गळ्यात एक बटण घालायचं. पडलं, झडलं, छातीत दुखलं, की दाबायचं. दाबलं की ते फंक्शन उठणार, कुणाचं बटण, कुठला ब्लॉक म्हणजे इमारत, भाषा कुठली ते शोधणार, आणि ड्युटीवरच्या बाईला जोडून देणार. मग बटणातूनच आवाज येणार. आधी बारा घरांत लावून बघायचं ठरलं. अकरा नंबरच्या घरातल्या आजींना इंग्रजी येईना, तेव्हा ऑफिसनं उद्धवला धाडलं. दोन ब्लॉक सोडून तर घर होतं, पण इतक्या वर्षांत त्याला पत्ता नव्हता तिथं मराठी माणसं राहतात याचा.

दमयंतीकाकू त्यांचं नाव. वय अठ्ठ्याहत्तर. मुलगा शैलेंद्र आणि सून दोघं कामाला, सकाळी साडेसातला जायची ती संध्याकाळी साडेसहाला उगवायची. उद्धवनं डबी उघडून बटण काढलं, तशा काकू म्हणाल्या, "हे काय, कुत्र्याचा बिल्ला?"

"नाही काकू. काही झालं तर दाबायचं. लगेच बाई बोलतील. मराठी नाही, पण हिंदी येतं त्यांना."

"तू बोलणार?"

"मी नाही. माझं काम मागचं. म्हणजे आमचं ते फंक्शन असतं."

"फंक्शन? कुणाचं?"

"कुणाचं नाही. आपलं रोजचंच."

"रोज फंक्शन!" काकूंनी हातातली भाजी खाली ठेवली. "बरं चाललंय म्हणायचं तुमचं."

"तसलं नाही हो. सर्व्हरलेस फंक्शन. सर्व्हर नसतात त्यात."

"वाढपी नसतात? म्हणजे बुफे."

उद्धवनं एकदा समजावलं, दोनदा समजावलं, आणि मग सोडून दिलं. "हो काकू. बुफेच समजा."

"शी! ते काय जेवण आहे होय? हातात ताट घेऊन रांगेत फिरायचं, आणि डाव घालायचा आपला आपणच. आमचे हे होते ना, ते प्रत्येक पंगतीत मीठ घेऊन उभे असायचे. जिलबी तुम्ही वाढा म्हणायचे, मठ्ठा तुम्ही वाढा, मला मीठ द्या. आता मीठ एकदा वाढून झालं की माणूस रिकामाच. पण हे हलायचे नाहीत. शेवटचं पान उठेस्तोवर वाटी घेऊन तिथंच. कुणी नुसती मान वर केली की हे पुढं."

"आणि कुणी मागितलंच नाही तर?"

"नाही तर नाही. उभं राहायला काय लागतं?"

उद्धव हसला. किती दिवसांनी हसला होता कोण जाणे. काकूंनी त्याला तांदळाची उकड खायला घातली, वर कच्चं तेल. निघताना म्हणाल्या, "येत जा रे, दोन ब्लॉक तर आहेत." तो म्हणाला, "येतो." म्हणाला आणि गेलाच नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. एकट्या माणसाला एकटं राहायची सवय लागली ना, की दुसऱ्याच्या दाराची बेल त्याला फार उंचावर लावल्यासारखी वाटते.

इकडे ऑफिसात मशीनं निवडायचं चाललं होतं. उद्धवच्या हाताखाली धवल म्हणून मुंबईचा एक इंजिनीअर होता, सत्ताविशीतला, हुशार, तोंडाचा फटकळ. तीन तऱ्हेची मशीनं समोर होती. एक चित्रांचं, म्हणजे ग्राफिक्सचं, कार्ड लावलेलं, ते पहिल्याच दिवशी बाद झालं. म्हाताऱ्याची हाक ऐकायला ते कशाला? दुसरं मोठं, दणकट, एका वेळी शंभर कामं ओढणारं. तिसरं अगदीच लहान, मोबाईलमध्ये असते तसल्या जातीच्या चिपचं, वीज कमी खाणारं, चालीला जरा मंद. धवलनं एक प्रोग्राम लिहिला. तो दिवसभर खोटंच बटण दाबत राहायचा, सेकंदाला दहा वेळा. मोठ्या मशीननं सरासरी पाव सेकंदात ओ दिली. लहान्याला पाऊण सेकंद लागला. मोठं जिंकलं. उद्धवनं रिपोर्टवर सही केली आणि वर पाठवून दिला. बारा घरं त्या मोठ्या मशीनवर चालू झाली. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी बैठक होती. तिथं हो म्हटलं की तीच मशीनं हजारो घरांसाठी घ्यायची.

बारा घरांतलं कुणी बटण दाबत नव्हतं. बरंच आहे, कुणी पडत नाही म्हणायचं. फक्त अकरा नंबर. रोज दुपारी साडेतीनला स्क्रीनवर एक ओळ यायची. अकरा नंबर, बटण दाबलं, सहा सेकंदांत बंद केलं.

"ही आजी टाइमपास करतेय, सर," धवल म्हणायचा, आणि ओळीपुढं 'चुकून' असं टाकून द्यायचा.

उद्धव मात्र आपला दुपारचा चहा साडेतीनलाच घ्यायला लागला. कप घेऊन बसायचा, ओळ यायची, मग पहिला घोट घ्यायचा. काकू आहेत, ठीक आहेत. त्याच्या मनानं तो जणू रोज जाऊन त्यांना भेटून येत होता. जायचं तेवढं राहत होतं.

बैठकीच्या आधीच्या आठवड्यात सोमवारी ओळ आली नाही. मंगळवारी नाही. बुधवारी नाही. गुरुवारी, शुक्रवारी नाही.

"बघा सर, शिकली आजी," धवल म्हणाला. "चुकून दाबणं शून्य. बैठकीत सांगायला भारी."

शनिवारी सकाळी उद्धवनं दाढी केली, चांगला शर्ट घातला, आणि दोन ब्लॉक चालत गेला.

दार शैलेंद्रनं उघडलं. काकू आतल्या पलंगावर, पाय उशीवर, घोट्यापासून वर पट्टी. सोमवारी अकराच्या सुमाराला न्हाणीघरात घसरल्या होत्या. शैलेंद्र संध्याकाळी साडेसहाला आला, तोवर तिथंच ओल्या फरशीवर.

"बटण गळ्यात होतं, उद्धव," शैलेंद्र म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं, चढवला असता तर बरं झालं असतं. "साडेसात तास. गळ्यात होतं आणि तिनं दाबलं नाही."

उद्धव पलंगाच्या कडेला बसला. "काकू, का नाही दाबलंत?"

"दाबून काय करू? तिथं कोणी नसतं."

"असतं काकू."

"अरे मी रोज बघते की! दुपारी दाबते आणि तीन हाका मारते. अहो, कोणी आहे का? अशा तीन. तिसऱ्या हाकेला ओ आली नाही की समजायचं घरात माणूस नाही. मग उगाच दार वाजवत बसू नये. लोकांना कसं वाटतं."

"मग रोज कशाला दाबत होतात?"

काकूंनी त्याच्याकडे बघितलं, जणू भलतंच काही विचारलं. "आज नसलं तर उद्या असेल, म्हणून."

उद्धवनं त्यांना परत तशाच तीन हाका मारायला सांगितलं आणि घड्याळ धरलं. काकूंनी मारल्या, अगदी सावकाश, मध्ये मध्ये थांबून, दाराशी उभं राहून मारतात तशा. सहा सेकंद झाले.

सहा म्हटल्यावर त्याच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. मोठं मशीन मोठं, म्हणून सगळ्यांचीच कामं तिथं कोंबलेली. ज्या कामाला दहा मिनिटं कुणी हाक मारली नाही, त्याला ते बाहेर काढतं आणि जागा दुसऱ्याला देतं. मग कधी हाक आली की सगळा बाडबिस्तरा परत आणायचा, मांडायचा, आणि मग ओ द्यायची. धवलचा प्रोग्राम सेकंदाला दहादा दाबत होता, तिथं मशीनला डुलकी लागणार कधी? पहिल्या एका वेळी उशीर झाला असेल, तो लाखो वेळांच्या सरासरीत बुडून गेला. आणि माणूस थोडंच सेकंदाला दहादा पडतं! त्या रिपोर्टवर सही कुणाची? उद्धवची.

काकूंनी सुनेला उकड करायला सांगितली होती. तिला त्यानं हातही लावला नाही.

रविवारी त्यानं घरी बसून परत सगळं मोजलं. एकदा बटण दाबायचं, वीस मिनिटं थांबायचं, परत दाबायचं. कुलपासमोरच्या टेबलावर लॅपटॉप मांडून. मोठं मशीन नऊ सेकंद घेत होतं. परत नऊ. परत नऊ. काकूंच्या तीन हाका संपून तीन सेकंद झाल्यावर आवाज येणार, बंद केलेल्या बटणात. दर वेळी घड्याळाबरोबर तो त्या हाकाही मारून बघायचा, म्हणजे अंदाज नीट यावा. रिकाम्या घरात मोठ्यानं, "अहो, कोणी आहे का? अहो, कोणी आहे का?" दुपारी विनीताचा फोन आला तर म्हणाली, "आवाज कसला मोकळा आहे रे आज. कुणी आलंय का घरी?"

"नाही," तो म्हणाला. "काम करतोय."

मग लहान मशीन. चालीला मंद, पण वीज इतकी कमी खातं की दिवसभर जागं ठेवलं तरी कुणाला जड नाही. दुसऱ्या कुणाची कामं त्यात कोंबायची गरज नाही. वीस मिनिटांनी हाक मारा नाही तर दोन तासांनी, पाऊण सेकंदात ओ. दर वेळी पाऊणच.

त्या सोमवारी त्याचा घसा धरलेला नव्हता.

शुक्रवारच्या बैठकीला मोठ्या बाई होत्या, मिस गोह. कडक बाई, पण कान देऊन ऐकणारी. उद्धवनं उभं राहून सांगितलं, की मोठं मशीन घेऊ नका, लहान घ्या.

"हा तुझाच रिपोर्ट आहे ना?" बाईंनी कागद वर धरला. "सही तुझी."

"हो. चुकला आहे. माझा चुकला आहे."

धवल खाली टेबलाकडे बघायला लागला. प्रोग्राम त्याचा होता, पण उद्धवनं त्याचं नाव घेतलं नाही.

"किती लोकांना असा उशीर झाला?"

"एका बाईंना."

"वन ओन्ली आ? एकच?"

"बाकी अकरा जणांनी बटण दाबलेलंच नाही, मॅडम. दाबणारं माणूस एकच होतं. आणि त्या एका माणसाला एकदाही ओ मिळाली नाही. एकदाही नाही."

बाईंनी कागद खाली ठेवला. मग बाई म्हणाल्या, "पण हे लहान मशीन दिवसभर काय करणार? रिकामं बसणार. त्याची वीज वाया."

उद्धवच्या मनात मिठाची वाटी होती. पण इंग्रजीत पंगत कशी सांगायची? आणि मीठ वाढून झाल्यावरही तिथंच थांबलेला माणूस कसा सांगायचा? शेवटी एवढंच म्हणाला, "ते रिकामं बसलेलं नसेल, मॅडम. ते उभं असेल."

बाईंना कळलं की नाही देव जाणे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, "आधी बारा घरं लहान मशीनवर घाल. सहा महिने बघू. मोठ्यांची खरेदी थांबवा." आणि जाता जाता, "चुकीचा रिपोर्ट फाईलला लागेल हं, उद्धव." लागला. पुढच्या कामाचं प्रमुखपण धवलकडे गेलं. धवल दोन दिवस त्याच्या डोळ्याला डोळा भिडवेना, मग एकदा कॉफी आणून टेबलावर ठेवून गेला.

मशीन सुरू झालं. प्रत्येक मशीनला एक नाव द्यायचं असतं. उद्धवनं लिहिलं, 'मीठ'.

"मीठ?" धवल म्हणाला. "सर, बरे आहात ना?"

"तेच राहू दे."

आता गंमत बघा. मशीन जागं, ड्युटीवरची बाई जागी, सगळं तयार. साडेतीनला उद्धव चहा घेऊन बसला. अकरा नंबरची ओळ नाही. दुसऱ्या दिवशी नाही. आठवडा झाला तरी नाही. त्याचा चहा रोज गार व्हायचा. मशीन ओ द्यायला उभं, पण हाक मारणाराच हाक मारायची सोडून बसलेला.

मग त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तीनलाच काकूंकडे गेला. काकू आता काठी घेऊन घरातल्या घरात फिरत होत्या. बटण गळ्यात होतं, शैलेंद्रनं काढू दिलं नव्हतं.

"काकू, दाबा."

"आता कशाला? पाय बरा आहे माझा."

"तरी दाबा."

"नको रे." काकूंनी बटण मुठीत धरलं, पण दाबलं नाही. मग हळू म्हणाल्या, "परत कोणी नसलं तर? न दाबता निदान असं वाटतं, की असेल."

उद्धव खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसला. "मी बसतो इथं. तुम्ही दाबा."

काकूंनी दाबलं. तोंडाजवळ नेलं. "अहो, कोणी आ..."

"हाँ आंटीजी, बोलिए?"

काकू एवढ्या दचकल्या की बटण पदराखाली झाकलं. मग हळूच बाहेर काढलं. "कुछ नहीं, कुछ नहीं. देखा, कोई है क्या."

"हैं ना आंटीजी. हम इधर ही हैं. आप ठीक हैं?"

"ठीक है. तुम खाना खाया?"

पलीकडची पोरगी हसली. "खाया, आंटीजी."

बटण बंद झालं. काकू उद्धवकडे बघत राहिल्या. "आहे रे," म्हणाल्या. "खरंच आहे. पहिल्याच हाकेला." आणि मग डोळे पुसत, "ही बुफेवाली नव्हे हं. ही वाटी घेऊन उभी होती."

त्या दिवशी उद्धवनं उकड खाल्ली, दोनदा घेतली. घरी आला. कुलूप तिथंच होतं. विनीताला सगळं सांगावं म्हणून त्यानं फोन लावला. बराच वेळ वाजला, मग बंद झाला. अमेयचा क्लास होता, सकाळी करते, असा मेसेज आला. सकाळी तिनं केला तेव्हा हा गाडीत होता. मग ते सांगायचं राहूनच गेलं.

पण दुसऱ्या दिवशी साडेतीनला ओळ आली. अकरा नंबर, पाऊण सेकंद. त्यानंतर रोज यायला लागली. धवल आता तिच्यापुढं 'चुकून' लिहीत नाही, तशीच सोडतो. उद्धव कप हातात धरून वाट बघतो, ओळ उमटते, आणि त्याच्या तोंडून आपोआप, अगदी हळू निघतं, "ओ."

परवा धवलनं ऐकलं. मान वळवून म्हणाला, "काही म्हणालात, सर?"

"नाही रे," उद्धव म्हणाला. "घसा साफ करत होतो."